शाळा व्यवस्थापन समितीवर निवड झाली, आता पुढे काय?

पालक सभेत मुख्याध्यापक नावं विचारतात, मागच्या रांगेतून कुणीतरी तुमचं नाव पुकारतं, चार जण होकार देतात आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य होता. शिक्षक असाल तर सहकारी म्हणतात, 'सर, यंदा तुम्ही राहा.' नेमकं करायचं काय, हे त्या दिवशी सहसा कुणी सांगत नाही. हा लेख अशा नव्या सदस्यांसाठी आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. समितीला अधिकार कायद्याने दिले आहेत, पण ते प्रत्यक्षात येतात इतिवृत्ताच्या वहीतून. सभेत विचारलेला प्रश्न, त्याचं मिळालेलं उत्तर, त्यावर झालेला ठराव आणि तो कुणी कधीपर्यंत अमलात आणायचा, एवढं वहीत उतरलं की शाळा हलते. पुढची सगळी माहिती या एका सवयीच्या आधाराने वाचा.

समिती कुठून आली आणि तिच्यात कोण असतं

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या प्रत्येक शाळेत अशी समिती हवीच. महाराष्ट्रात १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने तिची रचना ठरली. त्याआधी गावात ग्राम शिक्षण समिती असायची आणि तिच्यात गावपुढाऱ्यांचा भरणा जास्त असे. नव्या कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, आणि हा बदल फार मोठा आहे. ज्याचं मूल त्या वर्गात बसतं, त्याचा शब्द आता बहुमताचा आहे.

साधारण १२ ते १६ सदस्य असतात. १२ जणांची समिती असेल तर ९ पालक आणि बाकीचे तिघे म्हणजे स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी (बहुतेकदा ग्रामपंचायत सदस्य किंवा नगरसेवक), शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि गावातला एखादा शिक्षणतज्ज्ञ. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच निवडायचे. निम्म्या जागा महिलांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा मिळायला हव्यात. शाळेत पारधी वस्तीवरची किंवा वीटभट्टीवरची मुलं असतील आणि समितीत त्यांचा एकही पालक नसेल, तर ती रचना अपुरी आहे असं पहिल्याच सभेत नोंदवा. मुदत दोन वर्षांची असते.

खाजगी अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांमध्ये ही समिती फक्त सल्ला देते. विनाअनुदानित खाजगी शाळांना कलम २१ लागू नाही. पालक-शिक्षक संघ किंवा माता-पालक संघ हेही वेगळे, त्यांची या समितीशी गल्लत करू नका.

पहिला महिना बघण्यात घालवा

लगेच भाषण किंवा तक्रार नको. शाळेत वेगवेगळ्या वेळी जा: एकदा परिपाठाच्या वेळी, एकदा जेवणाच्या सुट्टीत, एकदा शेवटच्या तासाला. जाण्याआधी मुख्याध्यापकांना कळवा. तुम्ही पाहणीला आला आहात, तपासणीला नाही, हे त्यांना जाणवू द्या. स्वच्छतागृहाचं दार आतून लागतं का, तिथे पाणी आहे का, मुली दिवसभर तहान मारतात का, हे आईच्या नजरेला चटकन दिसतं. व्हीलचेअरवरचं मूल रॅम्पवरून वर्गापर्यंत खरंच पोचतं का, हे स्वतः ढकलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग कागद मागा. मागच्या समितीची इतिवृत्ताची वही, चालू शाळा विकास आराखडा, वर्गनिहाय पट, मंजूर आणि कार्यरत शिक्षकांची संख्या, रोकडवही आणि बँकेचं पासबुक. याशिवाय शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, टिपून ठेवा. तो ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने शाळेची माहिती कुणालाही पाहता येते: किती खोल्या, किती चालू स्वच्छतागृहं, वीज आहे का, ग्रंथालय आहे का. त्यात लिहिलेलं आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं जुळवून बघा. कागदावर शाळेत सगळं असेल तर वरून काहीच मिळणार नाही, म्हणून तफावत दिसली तर पुढच्या माहिती भरण्याच्या वेळी ती दुरुस्त करून घ्या.

तुलना कशाशी करायची? कायद्याच्या परिशिष्टात किमान निकष दिले आहेत. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. प्रत्येक शिक्षकासाठी एक खोली. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, खेळाचं मैदान, कुंपण, ग्रंथालय. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. हे पान छापून शाळेच्या भिंतीवर लावा. ते वाचून गावकऱ्यांच्या अपेक्षाच बदलतात.

सभा कशी चालवायची

दर महिन्याला एक सभा व्हायला हवी. ती खरोखर होते की वही घरोघरी फिरवून सह्या घेतल्या जातात, यावर बाकी सगळं ठरतं. न झालेल्या सभेच्या इतिवृत्तावर सही करू नका. ती मागायला येणारे शिक्षक आपलेच असतात, त्यांच्यावर वरून कागदांचा ताण असतो, त्यामुळे नकार देणं जड जातं. तरी नकारच द्या आणि सोबत म्हणा, 'सर, शनिवारी खरंच बसू या, मी सगळ्यांना फोन करते.' नकारासोबत पर्याय दिला की कुणी दुखावत नाही.

वेळ पालकांच्या सोयीने ठेवा. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला सकाळी अकराची सभा म्हणजे एका दिवसाची मजुरी. कापूस वेचणीच्या किंवा भातलावणीच्या दिवसांत सकाळी लवकर किंवा बाजाराच्या दिवशी सभा ठेवली तर माणसं येतात. विषयपत्रिका चार दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या मुलाच्या हातात चिठ्ठी द्या. विषय तीन-चारच ठेवा. पहिला विषय कायम तोच: मागच्या सभेतल्या ठरावांचं काय झालं?

बसण्याची रचनाही महत्त्वाची आहे. मुख्याध्यापक, सरपंच आणि अध्यक्ष टेबलामागे, बाया खाली सतरंजीवर, अशी मांडणी असेल तर चर्चा होणार नाही. सगळे गोलात बसा. अध्यक्ष ताई असतील तर सभा त्यांनीच चालवायची, त्यांच्या यजमानांनी किंवा दिरांनी नाही. नव्याने अध्यक्ष झालेल्या बहिणीला पहिल्या दोन सभांना उपाध्यक्षांनी शेजारी बसून विषय वाचून दाखवावेत, हळूहळू ती सराईत होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या सदस्याला इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

आता ठराव कसा लिहायचा. 'छताबाबत चर्चा झाली' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यातून कुणाला काहीच करावं लागत नाही. त्याऐवजी असं लिहा:

'विषय क्र. २. इयत्ता चौथीच्या खोलीचे गळणारे छत.
ठराव: चौथीच्या खोलीचे छत गळते व प्लॅस्टरचे तुकडे पडतात. मुले उद्यापासून ग्रंथालयाच्या खोलीत बसतील. खोलीची तांत्रिक तपासणी व्हावी, यासाठी मुख्याध्यापकांनी आठ दिवसांत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्यावे व त्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. पत्राची पोच पुढील सभेत ठेवावी. सोबत अध्यक्ष व एक पालक सदस्य यांनी कार्यालयात जावे.
सूचक व अनुमोदक: (नावे). ठराव सर्वानुमते मंजूर.'

काय, कुणी, कधीपर्यंत आणि पुरावा कोणता, या चार गोष्टी आल्या की ठराव पुरा झाला. एखाद्याचा विरोध असेल तर तोही नावानिशी लिहा. इतिवृत्त त्याच बैठकीत पूर्ण करा, खाली मोकळी जागा सोडू नका, आणि सह्यांआधी मजकुराखाली आडवी रेघ मारा. शेवटी सगळ्या पानांचे फोटो काढून समितीच्या गटावर टाका.

पैसा: घाबरू नका, पण सही करताना वाचा

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. पैसा अनेकदा हप्त्यांत आणि वर्षाच्या शेवटी येतो. अशा वेळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने खरेदी होते आणि नको ती वस्तू येते. म्हणून जुलैमध्येच ठराव करून प्राधान्यक्रम लावून ठेवा: आधी पाणी आणि स्वच्छतागृह, मग वीज, मग वाचनाची पुस्तकं, असं काहीतरी तुमच्या शाळेच्या गरजेनुसार. पैसा आला की यादी तयार असते.

व्यवहार अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त जबाबदारीने होतो. आता तो बराचसा पीएफएमएस या ऑनलाइन प्रणालीतून थेट दुकानदाराच्या खात्यावर जातो, त्यामुळे कोऱ्या धनादेशावर सही घेण्याचे प्रकार कमी झाले. तरीही छापील कागदावर सही लागतेच. सही करण्याआधी तीन गोष्टी बघा: या खर्चाचा ठराव कोणत्या तारखेचा आहे, पावती पक्की आहे का, वस्तू शाळेत आली आहे का. वस्तू आली की तिची नोंद साठा नोंदवहीत झालीच पाहिजे. दर तिमाहीला जमाखर्च सभेत वाचून दाखवा आणि वर्षाचा हिशेब शाळेच्या फलकावर लावा. त्यामुळे मुख्याध्यापकांनाच संरक्षण मिळतं. गावात पैशांवरून कुजबुज सुरू झाली की आधी बळी जातो तो प्रामाणिक शिक्षकाचा.

गणवेश ही समितीची सर्वांत मोठी खरेदी. दोन गणवेशांसाठी प्रति विद्यार्थी ६०० रुपये मिळतात. २०२४-२५ मध्ये राज्याने एकसारखं कापड मध्यवर्ती पद्धतीने पुरवण्याचा प्रयोग केला, त्यात उशीर आणि मापाच्या पुष्कळ तक्रारी आल्या, आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा समित्यांकडे आली. हा विश्वास सार्थ ठरवायला हवा. किमान तीन दुकानांतून दरपत्रकं घ्या. कापडाचा नमुना सभेत सगळ्यांच्या हातात द्या, पाण्यात भिजवून रंग जातो का पाहा, आणि पास झालेल्या नमुन्यावर सह्या करून तो शाळेच्या कपाटात ठेवा. माल आल्यावर त्या नमुन्याशी पडताळा. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या महिला बचत गटाला काम देता आलं तर उत्तम, मापं नीट बसतात आणि उसवलं तर लगेच दुरुस्ती होते. वाटपाच्या यादीवर पालकांची सही घ्या.

लोकसहभाग, ज्याला आपल्याकडे शैक्षणिक उठाव म्हणतात, त्यातून संगणक, रंगरंगोटी, खेळाचं साहित्य मिळवणाऱ्या कितीतरी शाळा आहेत. देणगी घ्या, पावती द्या, नोंद करा. पण एका गोष्टीवर ठाम राहा: मुलाच्या प्रवेशाशी किंवा दाखल्याशी कुठलीही वर्गणी जोडायची नाही. प्रवेशासाठी देणगी घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि गरीब पालक मागणीला नाही म्हणू शकत नाही.

पोषण आहार

इथे हिशेब सोपा आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. जेवणातून पहिल्या गटाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. पाचवीपर्यंतच्या शाळेत आज ४० मुलं हजर असतील तर ४ किलो तांदूळ शिजायला हवा. हजेरीपट, आहार नोंदवही आणि कोठीतली पोती या तिन्हींचा आकडा महिन्यातून एकदा जुळवा.

शिजलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखून चव नोंदवहीत लिहायचं असतं. पालकांनी पाळी लावून घेतली तर आणखी चांगलं. आठवड्याला दोन माता आल्या, ताट घेऊन मुलांच्या पंगतीत बसल्या, की वरणाचा पातळपणा आपोआप कमी होतो. स्वयंपाकी ताईंशी आदराने बोला. त्यांचं मानधन तुटपुंजं आहे आणि तेही थकतं. ते थकल्याचा ठराव करणं हेही समितीचं काम आहे.

जेवण बंद पडलं तर गप्प बसू नका. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही तर मुलांना अन्नसुरक्षा भत्ता देय ठरतो, आणि सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदारी निश्चित करावी लागते. म्हणून बंद दिवसांच्या तारखा लिहून ठेवा.

मुलं शिकतात का, हा प्रश्न विचाराच

बहुतेक समित्या भिंती, फरशी, रंग यात अडकतात. ते दिसतं, त्याचं उद्घाटन होतं. मूल वाचायला शिकलं की नाही हे दिसत नाही, आणि नेमकं तेच विचारायला पालक बिचकतात. 'आम्ही कमी शिकलेले, आम्हाला काय कळणार?' असं म्हणून मागे राहू नका.

दर तिमाहीला सभेत मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: तिसरीच्या वर्गात किती मुलं दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद न अडखळता वाचतात? किती मुलांना हातच्याची वजाबाकी येते? मागच्या वेळी किती जणांना येत होती? राष्ट्रीय पातळीवर होणारं 'असर' सर्वेक्षणही अशाच सोप्या कसोट्या वापरतं, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. निपुण भारत अभियानाचं ध्येयही तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं हेच आहे. शाळेकडे या नोंदी असतात. आकडा वहीत लिहा, मुलांची नावं मात्र लिहू नका. कुठल्याही मुलाला सभेत उभं करून वाचायला लावू नका. त्याची आई तिथेच बसलेली असते.

आकडा कमी आला तर पुढचा प्रश्न शिक्षकांना दोष देणारा नको. 'तुम्हाला काय मदत हवी?' असं विचारा. कधी उत्तर असतं, दोन शिक्षकांवर चार वर्ग. कधी, मुलं महिन्यातून दहा दिवस गैरहजर. कधी, घरी कोरकू किंवा भिली बोलणारं मूल मराठी पुस्तकासमोर गोंधळलेलं. प्रत्येकाचा उपाय वेगळा. गैरहजेरी पालकांनीच घरोघरी जाऊन सोडवायची. भाषेसाठी गावातली बारावी झालेली मुलगी संध्याकाळी तासभर गोष्टी वाचून दाखवू शकते. शिक्षक कमी असतील तर ठराव आणि पाठपुरावा. शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावरच्या संचमान्यतेने, म्हणजे पटानुसार होणाऱ्या पदांच्या मंजुरीने, ठरतात, म्हणून गावातली शाळाबाह्य मुलं त्याआधी शोधून दाखल करणं दोन्ही बाजूंनी उपयोगाचं आहे.

जिथे ऊसतोडीला कुटुंबं जातात, म्हणजे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या पट्ट्यात, तिथे दसऱ्याआधीच यादी करा: कोण जाणार, कुणाची मुलं आजीकडे राहू शकतात, किती मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय मागायची. ही सोय समितीमार्फतच चालते आणि प्रस्तावाला उशीर झाला तर मूल फडावर पोचलेलं असतं. जी मुलं जाणारच आहेत, त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसता येईल.

शिक्षक-प्रतिनिधी असाल तर

तुमची जागा अवघड आहे. मुख्याध्यापक तुमचे वरिष्ठ, पालक तुमचे शेजारी, आणि दोघांचीही तुमच्याकडून अपेक्षा. माझ्या मते तुमचं पहिलं काम शाळेच्या आतल्या अडचणी पालकांना समजेल अशा भाषेत सांगणं हे आहे. 'अध्ययन निष्पत्ती', 'यू-डायस', 'संचमान्यता' हे शब्द सोडून द्या, किंवा अर्थ सांगून वापरा.

अशैक्षणिक कामांचा प्रश्न तुम्हीच मांडायला हवा. कायद्याच्या कलम २७ नुसार दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं काम यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. तुम्ही एकट्याने हे बोललात तर कामचुकारपणाचा शिक्का बसतो. समितीने तारीख आणि वर्गाबाहेर गेलेले तास लिहून ठराव केला तर ती मुलांच्या नुकसानीची नोंद होते. या कायद्याच्या आदर्श नियमांमध्ये शिक्षकांवर अशा कामांचा बोजा पडू नये यावर लक्ष ठेवणं हे समितीचंच काम सांगितलं आहे.

पालकांनीही मर्यादा ओळखावी. शिक्षकांची वेळेवर आणि नियमित उपस्थिती पाहणं तुमचं काम आहे, पण वर्गात घुसून जाब विचारणं, बदलीची धमकी देणं, शिकवण्याच्या पद्धतीवर फोनवरून चित्रफीत काढून फिरवणं नाही. निलंबन किंवा बदलीचा अधिकार समितीला नाही. तक्रार असेल तर आधी दोघांत बोला, मग सभेत, मग लेखी.

शाळा विकास आराखडा

कलम २२ प्रमाणे समितीने तीन वर्षांचा आराखडा आणि त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा करायचा असतो. पुढच्या वर्षांत वर्गनिहाय पट किती असेल, किती शिक्षक लागतील, कोणत्या खोल्या आणि साधनं लागतील, किती पैसा लागेल, हे त्यात येतं. आर्थिक वर्ष संपण्याआधी अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने तो वर द्यायचा.

आराखडा मुख्याध्यापकांनी एकट्याने कार्यालयात बसून भरला तर तो फाईलमध्ये राहतो. ऑक्टोबरमध्ये सुरुवात करा, कारण साधारण त्याच सुमारास ग्रामपंचायतही पुढच्या वर्षाचा विकास आराखडा बनवू लागते. शाळेची कामं त्यात बसली तर वित्त आयोगाच्या निधीतून होऊ शकतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला समितीतले निदान पाच-सहा जण ठराव हातात घेऊन जा. कुंपण, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह दुरुस्ती अशी लहान कामं ग्रामपंचायतीकडे, नवी खोली जिल्हा परिषदेकडे, एवढी वाटणी मनात ठेवा. शहरात हीच मागणी प्रभागाच्या नगरसेवकामार्फत आणि शिक्षण विभागाच्या प्रशासन अधिकाऱ्यांकडे जाते. मुलांनाही विचारा. चौथीतली मुलं जी यादी देतात ती मोठ्यांना सुचत नाही: नळ उंच आहे, घंटा मागच्या वर्गात ऐकू येत नाही, मैदानातला खड्डा.

मोडकळीला आलेल्या खोल्यांबाबत विशेष सावध राहा. त्या परस्पर पाडता येत नाहीत, जिल्हा परिषदेकडून निर्लेखन, म्हणजे ती खोली सरकारी नोंदीतून कमी करणं, मंजूर करून घ्यावं लागतं. प्रस्तावात समितीचा ठराव, फोटो आणि अभियंत्यांची तपासणी लागते. मंजुरीला महिने जातात. तोपर्यंत त्या खोलीला कुलूप आणि भोवती काटेरी कुंपण, तेही आजच्या आज.

मुलांची सुरक्षितता

इथे थोडक्यात पण ठाम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद. 'आमच्या वेळी छडी होती' असं म्हणणाऱ्या पालकालाही हे समजावा.

लैंगिक अत्याचाराची शंका किंवा माहिती आली तर समितीने चौकशी करायची नाही, मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, आणि गावात मिटवायचं तर अजिबात नाही. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाचं नाव इतिवृत्तात किंवा व्हॉट्सॲपवर येऊ देऊ नका. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांच्या उंचीवर, दिसेल असा रंगवून घ्या. तक्रारपेटी असेल तर ती कोण उघडतं ते ठरवा: दोन जण, त्यात एक महिला पालक, ठरलेल्या दिवशी.

पाठपुरावा

पत्र नेहमी दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसऱ्यावर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. क्रम असा: केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), त्यानंतर मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्येक पत्रात आधीच्या पत्राचा आवक क्रमांक लिहा. मुलांच्या हक्काचा भंग होत असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. पत्राचं काय झालं हे कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर मिळणं अपेक्षित असतं. कार्यालयात एकट्याने जाऊ नका. दोन पालक आणि शक्य असेल तर त्यात एक ताई, एवढ्यांनी गेलं की बोलणंही नीट होतं आणि परत येऊन सभेत सांगणाराही दुसरा असतो.

मुदत संपताना

दोन वर्षं संपत आली की नव्या समितीच्या निवडीसाठी पालक सभेची तारीख वेळेत जाहीर होते ना, हे पाहा. नव्या अध्यक्षांच्या हाती चार गोष्टी यादी करून, सही घेऊन द्या: इतिवृत्ताची वही, जमाखर्चाचा अद्ययावत गोषवारा, विकास आराखड्यातली झालेली आणि राहिलेली कामं, आणि पोच असलेल्या सगळ्या पत्रांची फाईल. ज्या पत्रांना उत्तर आलेलं नाही, त्यांवर लाल शाईने खूण करून ठेवा, म्हणजे नवी समिती पहिल्या सभेपासून तिथूनच पुढे जाईल.